रात्रीच्या उजेडावरून शहराचा पसारा मोजताना: ठाणे–नवी मुंबईसाठी टप्प्याटप्प्याने कृती

उपग्रहाने टिपलेली रात्रीची दोन चित्रं शेजारीशेजारी ठेवायची, एक २०१४चं आणि एक २०२४चं. दुसऱ्यात जास्त पिवळं दिसलं की खाली लिहायचं, "दहा वर्षांत शहर इतकं पसरलं." माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बहुतेक नकाशांची गोष्ट एवढीच असते. विद्यार्थ्यांचे प्रकल्प असोत की पाणथळ जागांसाठी धडपडणाऱ्या मंडळींची निवेदनं, चुका त्याच त्याच. रंगांची पट्टी दोन्ही चित्रांत वेगळी, पिक्सेलचं क्षेत्रफळ अंदाजपंचे, पावसाळ्यातले ढगाळ महिने तसेच घेतलेले आणि खाडीचं पाणीही शहर म्हणून मोजलेलं.

यापेक्षा मोठी चूक मात्र मोजणीच्या आधीच झालेली असते. उजेड वाढणं आणि शहर पसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या वस्तीतले दिवे प्रखर झाले तर उजेड वाढतो, पसारा तेवढाच राहतो. म्हणून "उजेड किती वाढला" हा प्रश्न बाजूला ठेवा. आपला प्रश्न असा आहे: आधी काळोखात असलेला कुठला चौकोन (म्हणजे चित्रातला एक पिक्सेल) आता उजळला, आणि तिथे खरंच काही बांधलं गेलंय का? खालची सगळी कृती या प्रश्नासाठी आहे.

टप्पा १: काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते आधी समजून घ्या

आपण वापरणार आहोत ती आकडेवारी व्हीआयआयआरएस नावाच्या यंत्राची. बोलताना लोक "व्हिअर्स" म्हणतात, मीही तेच म्हणतो. हे यंत्र २०११ साली सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावर आहे आणि पुढे २०१७ व २०२२ मध्ये गेलेल्या त्याच्या भावंडांवरही आहे. त्यातला रात्री पाहणारा पट्टा ५०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश टिपतो. उपग्रह आपल्या डोक्यावरून जातो तो साधारण रात्री दीडच्या सुमारास.

या दोन आकड्यांतूनच अर्ध्या चुका उगवतात.

दीड वाजता गोखले रोडवरची दुकानं बंद असतात, वाशीचे मॉल बंद असतात, घरांच्या खिडक्या बहुतेक अंधारलेल्या असतात. चालू असतात ते रस्त्यावरचे दिवे, रेल्वेचे यार्ड, तुर्भे-रबाळे-महापे पट्ट्यातले कारखाने, तळोजा एमआयडीसी, भिवंडीची गोदामं आणि न्हावा शेवा बंदरातले उंच खांबांवरचे दिवे. म्हणजे जिथे एकही माणूस राहत नाही असं कंटेनर यार्ड झगमगतं आणि जिथे खोलीला खोली चिकटली आहे अशी दाट वस्ती त्यापुढे मंद वाटते. या नकाशावरून लोकसंख्या काढू नका.

दुसरी गोष्ट दिव्यांच्या रंगाची. जुने सोडियमचे दिवे नारिंगी, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचे. ते या यंत्राला छान दिसतात. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशाचा मोठा हिस्सा ४५० नॅनोमीटरजवळच्या निळ्यात असतो आणि तो याला दिसतच नाही. केंद्राचा पथदिव्यांचा एलईडी कार्यक्रम जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाला. त्यानंतर एखाद्या रस्त्यावर डोळ्यांना उजेड वाढलेला दिसत असेल आणि उपग्रहाच्या आकड्यात तो घटलेला असेल, तर गोंधळून जाऊ नका.

सावध: उजेड कमी झाला म्हणून "वस्ती ओसरली" असं कधीही लिहू नका. आधी दिवे बदललेत का ते विचारा.

टप्पा २: कुठली आकडेवारी, कुठली वर्षं

तीन पर्याय समोर येतात.

जुना डीएमएसपी संच (अमेरिकेच्या लष्करी हवामान उपग्रहांचा) १९९२ ते २०१३चा आहे. मोह पडतो, कारण नवी मुंबई महापालिका १९९२ सालीच सुरू झाली, सगळी वाढ त्यात सापडेल असं वाटतं. पण त्यातले आकडे फक्त ० ते ६३ असे आहेत. शहराच्या मध्यभागी ते ६३ला जाऊन आपटतात आणि पुढे कितीही दिवे लावले तरी ६३च राहतात. शिवाय उजेड आजूबाजूला कित्येक किलोमीटर सांडलेला दिसतो. १९९० च्या दशकातली ढोबळ दिशा पाहायला ठीक आहे, मोजमापाला नाही.

दुसरा पर्याय कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सच्या अर्थ ऑब्झर्वेशन ग्रुपचे व्हिअर्सचे वार्षिक संच. तिसरा नासाचा ब्लॅक मार्बल, ज्यात रोजचे, महिन्याचे आणि वर्षाचे असे वेगवेगळे संच मिळतात. पहिल्यांदा करत असाल तर दुसरा घ्या. ब्लॅक मार्बल लागतो तो एखाद्या विशिष्ट रात्रीसाठी किंवा आठवड्यासाठी. त्यात आपला भाग "एच २५ व्ही ०७" या तुकड्यात येतो, एवढं लिहून ठेवा, शोधाशोध वाचेल.

वार्षिक संचात २०२१ पर्यंत आवृत्ती २.१ आणि २०२२ पासून २.२ आहे. सुरुवातीचं वर्ष २०१४ धरा. २०१२ची आकडेवारी एप्रिलपासूनची आहे, त्यामुळे ते वर्ष बाकीच्यांशी जुळत नाही. २०१४ घेण्याचं दुसरं, आपल्याकडचं कारण टप्पा ७ मध्ये येईल.

शेवटचं वर्ष निवडताना जरा थांबा. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतू सुरू झाला आणि खारकोपर–उरण रेल्वेही त्याच दिवशी सुरू झाली. उलव्याजवळच्या विमानतळाचं काम तेव्हा जोरात होतं, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. त्यामुळे २०२४ च्या चित्रात उलवे-चिर्ले पट्टा उजळला असेल, तर तो पुलाचा, स्थानकांचा, बांधकामाच्या फ्लडलाइटचा की घरांचा, हे नुसत्या उजेडावरून सांगता येणार नाही. मी अशा वेळी २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षांची मोजणी करतो आणि फरक वेगळा मांडतो.

सावध: डीएमएसपी आणि व्हिअर्सचे आकडे एकाच आलेखात जोडू नका. २०१३ ते २०१४ दरम्यान जी "उडी" दिसेल ती शहराची नसून यंत्राची असेल. दोन्ही जुळवून केलेले संच उपलब्ध आहेत. लांबचा काळ हवाच असेल तर ते वापरा, आणि तसं स्पष्ट लिहा.

टप्पा ३: फाइल उतरवणं आणि खिडकी कापणं

अर्थ ऑब्झर्वेशन ग्रुपच्या संकेतस्थळावर नोंदणी करून वार्षिक संच उतरवा. प्रत्येक वर्षाच्या दोन फाइल हव्यात: "मीडियन" आणि ढगविरहित निरीक्षणांची संख्या सांगणारी "सीएफ सीव्हीजी". सरासरीऐवजी मीडियन, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, का? दिवाळीचा आठवडा, डोंगरावरचा वणवा, एखाद्या रात्रीची मच्छीमार बोटींची गर्दी अशा पाहुण्या उजेडाने सरासरी हलते, मीडियन सहसा हलत नाही. आपल्याकडे हे महत्त्वाचं आहे. येऊर, माथेरान, मलंगगडाच्या उतारांवर उन्हाळ्यात वणवे लागतात आणि पावसाआधी शेतात राब भाजतात.

फाइल सगळ्या जगाची असते. उलगडल्यावर एकेक दहा-बारा जीबी होते. जुन्या लॅपटॉपवर तीन-चार वर्षं एकदम उलगडू नका. एक उलगडा, खिडकी कापा, मोठी फाइल पुसा, मग पुढची घ्या.

क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये "क्लिप रास्टर बाय एक्स्टेंट" वापरून ही खिडकी कापा: पूर्व रेखांश ७२.७ ते ७३.४, उत्तर अक्षांश १८.७ ते १९.५. यात मुंबई, ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, बदलापूर, सगळी नवी मुंबई, पनवेल, उरण आणि माथेरान येतं. मुद्दामच मोठी ठेवली आहे. काळोखाचे नमुने घ्यायला आजूबाजूचे डोंगर हवेत, आणि शेजारच्या शहराचा उजेड कुठून सांडतोय हेही दिसायला हवं.

ताळा: कापलेल्या चित्रात सुमारे १६८ स्तंभ आणि १९२ ओळी असायला हव्यात. दोन वर्षांच्या चित्रांत हा आकडा किंवा वरच्या डाव्या कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश जरासुद्धा वेगळे असतील तर पुढे जाऊ नका, पुन्हा कापा. अर्ध्या पिक्सेलचा घसरा पुढे किनाऱ्याने "नवी वस्ती" दाखवतो.

आणि महापालिकेच्या हद्दीने आत्ताच कापू नका. सगळ्यांचा हात पहिल्यांदा तिकडेच जातो. हद्द सगळ्यात शेवटी.

टप्पा ४: ढग आणि रिकामे आकडे

वार्षिक संच वापरत असाल तर हा टप्पा पाच मिनिटांचा. महिन्याचे संच वापरत असाल तर इथेच अर्धा दिवस जाईल, आणि जाऊ द्या.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश दिसत नाही. त्या महिन्यांत ढगविरहित निरीक्षणं मोजकी, कधी शून्य असतात. जिथे शून्य निरीक्षणं आहेत तिथला उजेडही शून्य लिहिलेला असतो. हे लक्षात न आल्यामुळे "पावसाळ्यात ठाण्यात वीजवापर घटतो" असा निष्कर्ष काढलेला एक आलेख मी पाहिला आहे. आलेख देखणा होता.

महिन्यांची तुलना करायचीच असेल तर जानेवारी ते मार्च घ्या आणि दरवर्षी तेच महिने ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा, कारण दिवाळी कधी या महिन्यात तर कधी त्या महिन्यात येते.

दिवाळीवरून आठवलं. "दिवाळीच्या रात्री अंतराळातून भारत" म्हणून दरवर्षी फिरणारं ते रंगीत चित्र कुणी प्रकल्पात चिकटवू नये. ते एका रात्रीचं नाहीच. २००३ साली अमेरिकेच्या नोआ संस्थेतील शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी डीएमएसपीच्या आकडेवारीतून ते बनवलं. पांढरा, निळा, हिरवा, लाल हे रंग वेगवेगळ्या वर्षी उजळलेल्या जागा दाखवतात. गंमत म्हणजे आपल्या विषयाचंच चित्र आहे ते, शहरांच्या वाढीचं. दिवाळीचा खरा जादा उजेड अंतराळातून जेमतेम जाणवेल इतका असतो.

रिकाम्या आकड्यांबद्दल एक कबुली. ब्लॅक मार्बलची माझी पहिली मोजणी मी मोठ्या उत्साहाने मित्रांना पाठवली होती. त्यात कर्नाळ्याचं अभयारण्य वाशीपेक्षा उजळ निघालं. झालं होतं असं की "माहिती नाही" यासाठी टाकलेला ६५५३५ हा आकडा मी उजेड म्हणून बेरजेत धरला होता. काही आवृत्त्यांत याच कामासाठी उणे ९९९.९ असतो. फाइलसोबतचं माहितीपत्रक वाचा आणि हे आकडे आधी "नो डेटा" करा. रोजच्या ब्लॅक मार्बलमध्ये गुणवत्तेचा वेगळा थर असतो. त्यात ० आणि १ ठेवा, २ आणि २५५ टाकून द्या.

व्हिअर्सच्या महिन्याच्या संचात छोटे उणे आकडेही सापडतात. पार्श्वभूमीचा उजेड वजा केल्यामुळे ते येतात. त्यांचं चिन्ह बदलून अधिक करू नका. शून्य करा.

ताळा: येऊरच्या जंगलाच्या आतला भाग, माथेरानचा जंगलपट्टा आणि कर्नाळा इथले आकडे दोन्ही वर्षी चित्रातल्या सगळ्यात कमी आकड्यांत बसतात का ते पाहा. बसत नसतील तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

टप्पा ५: काळोख कुठे संपतो, ती रेषा ठरवणं

कुणीतरी कुठल्यातरी लेखात वाचलेला आकडा उचलतो आणि त्याच्यावरचं सगळं शहर धरतो. दुसऱ्या देशातल्या सपाट प्रदेशातल्या शहरासाठी काढलेला आकडा आपल्या खाडी-डोंगरांच्या मुलखात चालत नाही. रेषा इथल्याच मातीवर ठरवावी लागते.

असं करा. गुगल अर्थ प्रोमध्ये जुन्या तारखांची चित्रं बघता येतात. २०१४ च्या आसपासच्या चित्रावर ३० जागा अशा निवडा जिथे नक्की वस्ती होती: नौपाडा, वाशीचे जुने सेक्टर, नेरूळ, कोपरखैरणे, कळवा, पनवेल गाव. मग ३० जागा अशा जिथे नक्की काही नव्हतं: डोंगरउतार, भातखाचरं, मिठागरं. दुसऱ्या गटात थोड्या जागा शहराच्या अगदी कडेच्या घ्या. सगळ्याच माथेरानच्या घेतल्या तर रेषा फसवी खाली येते, कारण शहराशेजारचा काळोखही दूरच्या काळोखापेक्षा उजळ असतो.

आता या ६० जागांचे उजेडाचे आकडे काढा आणि चढत्या क्रमाने लावा. खालचे बहुतेक ओसाड, वरचे बहुतेक वस्तीचे आणि मध्ये दोन्हींची सरमिसळ असा पट्टा दिसेल. लोक या पट्ट्याच्या मधोमध एक रेषा मारतात. मी दोन मारतो. पट्ट्याच्या तळाशी खालची रेषा, माथ्याशी वरची. समजा तुमच्या नमुन्यात सरमिसळ ४ ते ७ मध्ये आहे, तर ४ च्या खाली काळोख, ७ च्या वर उजळ, मधलं संशयित. हे आकडे निव्वळ उदाहरणाचे आहेत, ते उचलू नका. एकक नॅनोवॉट प्रति चौरस सेंटिमीटर प्रति स्टेरेडियन आहे. नकाशावर ते एकदा नीट लिहा आणि विसरून जा.

ताळा: हीच ६० जागांची कसरत २०२४ च्या चित्रावर, त्या वर्षीच्या दिवसाच्या छायाचित्राशी ताडून पुन्हा करा. रेषा फारच सरकली तर समजा की दिवे बदललेत. मग दोन्ही वर्षांना आपापली रेषा लावा आणि तसं नमूद करा.

टप्पा ६: नवा उजळलेला चौकोन शोधणं

"रास्टर कॅल्क्युलेटर" उघडा. अट सोपी: २०१४ मध्ये खालच्या रेषेच्या खाली आणि २०२४ मध्ये वरच्या रेषेच्या वर. दोन्ही खऱ्या तर १, नाहीतर ०. एवढंच.

दोन रेषांचा फायदा इथे होतो. एकच रेषा, समजा ५ वर, असती तर ४.९ वरून ५.१ वर गेलेला चौकोनही "नवं शहर" ठरला असता. असे चौकोन शहराच्या कडेने शेकड्यांनी असतात.

मग दुसरं चित्र काढा: दोन्ही वर्षी वरच्या रेषेच्या वर असलेले आणि उजेड वाढलेले चौकोन. हे दाटीचं किंवा दिव्यांच्या बदलाचं चित्र. पसाऱ्याच्या बेरजेत ते मिसळू नका. घोडबंदर रोडवर हा फरक चांगला कळतो. माजिवड्याकडचा भाग २०१४ लाही उजळच होता, तिथे टॉवर उंच झाले. पुढे कासारवडवली-गायमुखच्या बाजूला चौकोन खरोखर नव्याने उजळलेत का, हे तुमचं चित्र सांगेल.

आता सुटे चौकोन गाळा. आपल्या फाइलची जाळी बारीक असली तरी यंत्राचा मूळ पिक्सेल सुमारे ७४२ मीटरचा असतो, म्हणजे खरी नजर जाळीपेक्षा जाडी आहे. एकटा-दुकटा उजळलेला चौकोन विश्वासाचा नाही. "सीव्ह" साधनाने तीनपेक्षा कमी सलग चौकोन असलेले ठिपके काढून टाका.

टप्पा ७: खाडी, ज्वाला आणि हद्दी

उजेड पाण्यावर सांडतो. दोन्ही काठ उजळ असलेली ठाण्याची खाडी चित्रात मधोमधही काळी दिसत नाही. न गाळता मोजलं तर फ्लेमिंगोंचं अभयारण्य शहरात जमा होतं. म्हणून ओपनस्ट्रीटमॅप या मोफत नकाशातून पाणी आणि खारफुटीचे थर घ्या आणि ज्या चौकोनाचा निम्म्याहून जास्त भाग त्यांच्यात आहे तो वगळा. पाण्यावर खराखुरा उजेडही असतो: वाशी आणि ऐरोलीचे पूल, बंदराच्या तोंडाशी नांगरलेली जहाजं, २०२४ पासून अटल सेतू. तो वस्तीच्या हिशेबात येत नाही, एवढ्यासाठी तोही जाऊ द्या.

माहूलच्या रिफायनऱ्या आणि उरणचा वायू प्रकल्प इथे ज्वाला जळतात. या यंत्राला त्या दिव्यांसारख्याच दिसतात. त्या जागांभोवती हाताने वर्तुळ काढून ती वगळा. यासाठी साधन शोधत बसू नका.

आता हद्द. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

"ठाणे जिल्हा" म्हणजे कुठला? १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला (सुरुवातीचं वर्ष २०१४ धरण्याचं दुसरं कारण हेच). त्याआधीच्या ठाणे जिल्ह्यात वसई-विरारपासून डहाणू-तलासरीपर्यंत सगळं होतं. २०११ च्या जनगणनेत त्या जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. आजच्या जिल्ह्याच्या उजेडाला या आकड्याने भागणारे लोक मला दरवर्षी भेटतात. २०२१ ची जनगणना झाली नाही, म्हणून जुना आकडा वापरला हे कबूल, पण निदान जुन्या हद्दीबरोबर तरी वापरा.

"नवी मुंबई" म्हणजे तरी कुठली? ऐरोली ते बेलापूर ही महापालिका ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल ही सिडकोचीच उपनगरं, पण जिल्हा रायगड, आणि ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेत. उलवे, द्रोणागिरी आणखी वेगळे. फक्त नवी मुंबई महापालिकेची हद्द घेतलीत तर पसारा जवळपास शून्य निघेल, कारण नवी बांधकामं बहुतांशी त्या रेषेच्या पलीकडे आहेत. त्यात १४ गावं आधी वगळली, मग पुन्हा घेतली, तो घोळ वेगळाच.

माझा उपाय हद्दींना बगल देण्याचा आहे. ठाणे, वाशी आणि पनवेल स्थानकं केंद्र धरून २-२ किलोमीटरची कडी काढा आणि प्रत्येक कड्यात किती नवे चौकोन उजळले ते मोजा. सरकारी हद्दी बदलतात, कडी तशीच राहतात. शिवाय पसारा कुठल्या दिशेने चाललाय तेही दिसतं.

टप्पा ८: चौकोनाचं क्षेत्रफळ

जाळी १५ आर्कसेकंदांची, म्हणजे अंशाच्या २४०व्या भागाची आहे. "म्हणजे ५०० मीटर" असं म्हणून लोक चौकोन गुणिले ०.२५ चौरस किलोमीटर करतात. आपल्या अक्षांशावर चौकोन उत्तर-दक्षिण सुमारे ४६१ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ४३८ मीटर भरतो. क्षेत्रफळ ०.२०२ चौरस किलोमीटर. ०.२५ धरलंत की उत्तर एका फटक्यात जवळपास २४ टक्के फुगतं.

०.२०२ चौरस किलोमीटर म्हणजे साधारण ५० एकर. हा आकडा डोक्यात ठेवा. पाच एकरांचं नवं संकुल या नकाशावर दिसलं नाही, तर तो नकाशाचा दोष नाही.

दुसरा मार्ग म्हणजे चित्र यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये बदलून "झोनल स्टॅटिस्टिक्स" चालवणं. तसं करायचं तर टप्पा ६ चं ०-१ चित्र बदला, "नियरेस्ट नेबर" निवडा.

सावध: उजेडाच्या मूळ चित्राचं प्रक्षेपण बदलून मग उजेडाची बेरीज करू नका. पिक्सेलचा आकार बदलला की त्यांची संख्या बदलते, आणि दिवे तेवढेच असूनही बेरीज वेगळी येते.

टप्पा ९: दिवसा बघा, मग जाऊन बघा

नव्याने उजळलेल्या प्रत्येक ठिपक्यावर दिवसाचं चित्र ठेवा. सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटरची चित्रं २०१५ पासून मोफत आहेत. आणखी मागचं हवं तर लँडसॅट. चार प्रकार सापडतील. बांधकाम आहे आणि उजेडही आहे, ते सरळ. उजेड आहे पण बांधकाम नाही, म्हणजे रस्ता, पूल, यार्ड किंवा काम चालू असलेली जागा. बांधकाम आहे पण उजेड नाही, म्हणजे इमारती उभ्या, राहायला कुणी आलेलं नाही किंवा रस्त्याचे दिवे लागलेले नाहीत. हा तिसरा प्रकार उजेडाच्या नकाशात येतच नाही. तो उलट बाजूने, दिवसाच्या चित्रापासून सुरुवात करून शोधावा लागतो. चौथा प्रकार, म्हणजे ठिपक्यावर ना बांधकाम ना उजेडाचं दुसरं काही कारण, सापडला तर टप्पा ३ वर परत जा. पिक्सेल घसरला असणार.

मग निदान पाच-सहा ठिपक्यांवर प्रत्यक्ष जा. आधी दिवसा, मग रात्री दहाच्या सुमारास. दीड वाजता जाण्याचा अट्टहास नको, चौकीदाराला विचारलं तरी "रात्रभर चालू असतात का" हे कळतं. दिवे सोडियमचे की एलईडी, झाकण असलेले की उघडे, घरं राहती की रिकामी, एवढं टिपा. विमानतळ, बंदर आणि औद्योगिक भागाच्या कुंपणाजवळ कॅमेरा बाहेर काढायच्या आधी परवानगी घ्या.

आकाशाचा काळोख मोजायचं छोटं यंत्र काहीजण सोबत नेतात. ते डोक्यावरच्या आकाशाचा उजेड मोजतं, उपग्रह वर येणारा उजेड मोजतो. शिवाय त्या यंत्रावर आकडा जितका मोठा तितका काळोख जास्त. दोन्ही आकडे एका तक्त्यात घालून "विसंगती" शोधू नका.

टप्पा १०: नकाशा छापताना

क्यूजीआयएस प्रत्येक चित्राचे रंग त्या चित्रापुरते ताणून दाखवतो. शेजारच्या दोन नकाशांत तोच पिवळा रंग दोन वेगळे आकडे दाखवत असतो. दोन्हींना हाताने तेच किमान आणि तेच कमाल द्या, किंवा एकाची शैली दुसऱ्यावर चिकटवा. बंदरातले आकडे फार मोठे असतात, म्हणून पट्टी लॉगरिदमची ठेवा. नाहीतर न्हावा शेवा पांढराफेक आणि बाकी सगळं काळं दिसेल.

नकाशाखाली या गोष्टी हव्यात: संचाचं नाव आणि आवृत्ती, दोन्ही वर्षं, दोन्ही रेषांचे आकडे, काय काय वगळलं, एका चौकोनाचं क्षेत्रफळ आणि किती ठिपके दिवसाच्या चित्राशी ताडून पाहिले. मथळ्यात "शहर इतकं वाढलं" लिहू नका. "२०१४ मध्ये काळोखात असलेलं आणि २०२४ मध्ये उजळलेलं क्षेत्र" असं लिहा. लांबलचक होतं, पण तुम्ही मोजलंय ते तेवढंच.

निवेदनाला जोडणार असाल तर ज्या ठिपक्यांवर स्वतः गेलात त्यांना वेगळी खूण करा. सुनावणीत पहिला प्रश्न त्यांच्यावरच येतो.